नकाशातल्या बाईचा चहा

आमच्या घरात तो नकाशा आला तो भिंतीची ओल झाकायला. कलेची आवड वगैरे आमच्या खानदानात कोणाला नाही, उगाच खोटं कशाला बोलू? बाहेरच्या खोलीत दिवाणाच्या वर एक डाग होता. बाबांनी त्याला चुना लावून पाहिला, रंग लावून पाहिला, शेवटी वर देवीचं कॅलेंडर टांगलं. पण डाग वाढत गेला आणि कॅलेंडर होतं तेवढंच राहिलं.

बाबा मानकोलीला एका गोडाऊनमध्ये कारकून होते. एकदा तिथे कुठल्याशा हॉटेलच्या सजावटीसाठी परदेशातून जुन्या चित्रांच्या फ्रेमा आल्या. काहींच्या काचा वाटेत फुटल्या, म्हणून हॉटेलवाल्याने त्या परत केल्या. साहेब म्हणाले, हवी त्याने न्या. बाबांनी टेप काढून सगळ्या फ्रेमा मोजल्या आणि आमच्या डागाच्या मापाची उचलली. चित्र कशाचं आहे ते पाहिलंच नाही. रिक्षात मांडीवर घेऊन आले, खिळा ठोकला, फ्रेम टांगली, मग आम्ही मागे सरकून बघतो तर तो नकाशा निघाला.

भूगोलाच्या पुस्तकातला नव्हे. फार पूर्वी टुरिस्ट लोकांसाठी काढलेला, चित्रांचा नकाशा. परदेशातल्या कुठल्यातरी शहरातली टेकडीवरची एकच वस्ती. गल्ल्या वेड्यावाकड्या, घरं जराशी कललेली, छपरांवर मांजरं आणि टोकाला एक पवनचक्की. आणि माणसं म्हणाल तर एकापेक्षा एक! कोणी भररस्त्यात स्टँड लावून चित्र काढतंय, कोणी गळ्यात पेटी अडकवून वाजवतंय, एक दाढीवाला पायरीवरच झोपलाय, आणि दिव्याच्या खांबाला टेकून दोघं जण जे करत होते ते पाहून आई "अगं बाई!" म्हणाली. अक्षरं इंग्रजी होती पण शब्द काही इंग्रजी नव्हते. बाबा म्हणाले, फ्रान्स. बाबांना जे जे कळत नसे ते सगळं फ्रान्सचं असे.

खालच्या कोपऱ्यात चार बायका घागरे उचलून नाचत होत्या. बाबांनी दुसऱ्याच दिवशी दिवाळीचा उरलेला 'शुभ लाभ'चा स्टिकर आणून बरोबर त्यांच्यावर चिकटवला. तरी एकीचा पाय 'लाभ'च्या खालून बाहेर आलेलाच होता. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी तो पाय बघायचा आणि मग पाणी प्यायचा.

"सगळी वस्ती रिकामटेकडी," बाबांनी निकाल दिला. "भरदुपार आहे, आणि एक माणूस ड्युटीवर असेल तर शपथ!"

त्यांचं म्हणणं आमच्या आळीच्या हिशोबाने बरोबरच होतं. भिवंडीत आमच्या घरासमोर कापडाचे लूम, मागे लूम, दिवसाची शिफ्ट संपते न संपते तोच रात्रीची चालू. खटाखट खटाखट. त्या आवाजात बोलायचं म्हणून आम्ही सगळे जन्मजात ओरडून बोलतो. शांत आवाजात कोणी बोललं की आम्हाला वाटतं, ह्याला ताप आलाय.

आईला मात्र त्या नकाशात एकच गोष्ट दिसली. पवनचक्कीच्या खालच्या गल्लीत, फुटपाथवर, एका गोल टेबलाशी एक टोपीवाली बाई बसली होती. पायावर पाय टाकून. समोर एक कप. बस्स. आई दिवाणावर मेथी निवडायला बसायची आणि मान वर करून तिच्याकडे बघत राहायची. मेथी तशीच, देठं तशीच.

"ही कोणाची वाट बघतेय गं?" तिने मला एकदा विचारलं.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता. म्हटलं, "कोणाचीच नाही. चहा पितेय."

"एकटीच?"

"हो."

"मग घरी चहा कोण करतंय?"

"आई, चित्र आहे ते!"

"चित्र असलं म्हणून काय झालं, घर असेलच ना तिला." आणि मग जरा वेळाने, "हातात पिशवीसुद्धा नाही बघ."

इथे आईच्या चहाबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या घरात आईचा चहा सगळ्यात शेवटी व्हायचा. आधी बाबांचा, मग माझा, मग कोणी आलंगेलं असेल त्याचा, आणि पातेल्यात राहील तो आईचा. तोही ती स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्याने, कोणाच्या तरी हाकेला ओ देत, पार निवल्यावर प्यायची. मी कधी तिला वाफ येणारा कप हातात धरलेलं पाहिलं नव्हतं. त्या बाईच्या कपातून मात्र चित्रकाराने चांगली दोन वळणांची वाफ काढली होती. मेल्याला तेवढं तरी कळत होतं.

एका रविवारी आईने जाहीर करून टाकलं, "मला एकदा असं बसायचंय. बाहेर. खुर्चीवर. दुसऱ्याच्या हातचा चहा, गरम, आणि तो संपेपर्यंत मला कोणी काही विचारायचं नाही."

बाबा तसे वाईट नव्हते. ते तिला नाक्यावरच्या हॉटेलात घेऊन गेले. बायकामाणूस बघून वेटरने दोघांना थेट फॅमिली रूममध्ये बसवलं. फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचा खोका, वर पंखा, पुढे पडदा. वेटरने पडदा ओढून घेतला. आई म्हणाली, "रस्ता कुठे दिसतोय?" बाबा म्हणाले, "तुला चहा प्यायचाय की ट्रॅफिक बघायचंय?" चहा आला, तोही बाबांनी आधी बशीत ओतून तिला फुंकर मारून दिला. प्रेमाने हं! आई घरी आली ती तोंड फुगवूनच.

मग तिने आमच्या दाराच्या पायरीवर बसून पाहिलं. कप तोंडाला लावते न लावते तोच समोरच्या काकू आल्या आणि मटाराची पिशवी तिच्या मांडीत टाकून म्हणाल्या, "बसलीच आहेस तर तेवढे सोलून टाक गं." मागोमाग समोरचे काका लाइटचं बिल घेऊन आले, बसलाच आहात तर हे वाचून सांगा म्हणाले, माझा चष्मा सापडत नाही. आमच्या आळीला हा रोगच आहे. बसलेली बाई दिसली की लोकांना कामं आठवतात.

आता आळीची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तेव्हा लोडशेडिंग होतं. लाइट गेली की लूम बंद, पंखे बंद, आणि अख्खी आळी खुर्च्या घेऊन रस्त्यावर. तेव्हा कोणी कोणाला काही विचारत नाही. पण लाइट चालू असताना कोणाच्या दाराबाहेर खुर्च्या दिसल्या, तर त्याचा एकच अर्थ. त्या घरात मयत झालंय. समाचाराला येणारे पुरुष बसणार कुठे? म्हणून खुर्च्या आधी बाहेर येतात, रडणं मागून.

आईला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. नंतर तिचं म्हणणं असं की, "मयताला पाच-सहा तरी खुर्च्या लागतात. मी दोनच काढल्या होत्या. एक मला आणि एक ग्लास ठेवायला."

तर त्या दिवशी बाबा मानकोलीला, मी क्लासला. ह्यापुढचं मला आळीने इतक्या वेळा ऐकवलंय की पाहिल्यासारखंच झालंय. चार वाजता आई नेसूचं लुगडं... छे, साडी, बदलून, केस विंचरून कोपऱ्यावरच्या चहावाल्या चाचांकडे गेली आणि म्हणाली, "चाचा, एक कटिंग मेरे दरवाजे पे भेजना. गरम." चाचांच्या टपरीवर तोवर एकाही बाईने पाऊल ठेवलं नव्हतं. चाचा नुसते बघत राहिले. आई परत आली, लाल प्लास्टिकच्या दोन खुर्च्या रस्त्याच्या कडेला मांडल्या, बसली, पायावर पाय टाकला आणि डोळे मिटून घेतले. उघडे ठेवले की कोणीतरी मटार आणतं, म्हणून.

पहिल्या आल्या अर्थात समोरच्या काकू. "काय गं, काय झालं?" आई गप्प. "अगं, बोल ना! भाऊजी बरे आहेत ना?" आई गप्पच. तिचं ठरलेलं होतं, चहा संपेपर्यंत कोणाला उत्तर द्यायचं नाही. काकूंनी तिच्या दोन खुर्च्यांकडे पाहिलं, मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात चाचा टपरी सोडून धावत आले. म्हणाले, "भाभी होश में नहीं हैं. मेरे पास आके चाय माँगी!"

झालं. आणखी पुरावा कशाला पाहिजे?

बाबांकडे नुकताच मोबाईल आला होता आणि तो ते दिवसभर बंद ठेवायचे, बॅटरी संपते म्हणून. काकूंनी घरी जाऊन फोन लावला. एका बाईने सांगितलं की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती सध्या उपलब्ध नाही. काकू पदर तोंडाला लावून बाहेर आल्या आणि काकांना म्हणाल्या, "तिकडूनही तेच सांगताहेत."

समोरचे काका म्हणजे आळीतल्या मयतांचे मुकादम. बांबू कुठून आणायचे, मडकं कुठे मिळतं, कोणाच्या गावाला आधी कळवायचं, सगळं तोंडपाठ. एरवी बायकोने दळण आणायला सांगितलं तर गुडघे दुखणारा हा माणूस, त्या दिवशी वाऱ्यासारखा फिरला म्हणे. बांबू सांगितले, अंजूरला माझ्या मामाला कळवलं, आणि लूमवाल्या शेठला जाऊन म्हणाले, जरा मशीन बंद ठेवा. शेठने बिचाऱ्याने लगेच बंद केली. आळीतली सगळी खटखट थांबली.

इथे आईने एक डोळा उघडला होता, हे तिने स्वतः कबूल केलंय. लूम बंद, लोक खुर्च्या घेऊन बाहेर येऊन बसलेले. तिला वाटलं, लाइट गेली. "इतकं बरं वाटलं गं," ती मला म्हणाली, "आवाज नाही, कोणी काही विचारत नाही, सगळे आपापले गप्प. म्हटलं, तिकडे अस्संच असणार." आणि तिने डोळा परत मिटला. तेव्हा कुठे चाचांनी तिच्या हातात ग्लास दिला. काचेचा, चटका बसेल इतका गरम. आईने पहिला घोट घेतला.

आणि नेमकी त्याच वेळी मी क्लासहून आळीच्या तोंडाशी आले.

मला आधी भीती वाटली ती शांततेची. दिवसाउजेडी, कोपऱ्यावरच्या दुकानातला पंखा फिरत असताना, लूम बंद? मग दिसले पांढरे कपडे घातलेले लोक, खुर्च्या, आणि सगळी गर्दी आमच्याच दारात. मी काकांना विचारलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, धीर धर. आता आईकडे तुलाच बघायचंय."

सकाळी मी बाबांना इस्त्रीवरून वाटेल ते बोलले होते. मी जी किंचाळले, "बाबाऽऽ!", ती आळीच्या पार टोकापर्यंत ऐकू गेली असेल.

आईने खाडकन डोळे उघडले. "काय झालं बाबांना?"

"रडू दे, रडू दे तिला," म्हणत काकूंनी आईलाच मिठी मारली. आईने पांढरे कपडे पाहिले, काकूंच्या दुसऱ्या हातातलं पिठल्याचं पातेलं पाहिलं, मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी आणतात ते, आणि तिचा चेहराच उतरला. तिने ग्लास दुसऱ्या खुर्चीवर ठेवला आणि असा हंबरडा फोडला की विचारू नका. जिने ही सगळी भानगड सुरू केली तिचाच त्यावर विश्वास बसला! नंतर मी तिला ह्यावरून खूप छळलं. ती म्हणायची, "एवढी माणसं कशी खोटं बोलतील?"

आम्ही मायलेकी गळ्यात गळे घालून रडत असताना बाबा रिक्षातून उतरले. हातात चिकूची पिशवी. आळीत गर्दी, पांढरे कपडे. बाबा सभ्य माणूस. त्यांनी पिशवी कडेला ठेवली, टोपी नव्हती म्हणून डोक्यावर रुमाल घेतला, हात जोडले आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले. शेजारी नवीनच कामाला लागलेला एक लूमवाला होता. बाबांनी त्याला हळूच विचारलं, "कौन गया?"

"इसी घर के साहब थे," तो म्हणाला. "बड़े नेक आदमी थे."

बाबांनी मान हलवली, च्च च्च केलं. घर कुठलं ते वर बघून कळायला त्यांना चांगला मिनिटभर लागला.

मग डोक्यांवरून आईला ते दिसले. त्यानंतर काय गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळेच एकदम ओरडत होते. फक्त समोरचे काका वैतागलेले. बाबांना म्हणाले, "अहो, बांबू निघालेत तिकडून!" जणू बाबांनी येण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं. त्यातच अंजूरहून एक रिक्षा येऊन थांबली आणि तिच्यातून माझा मामा आणि इतकी माणसं उतरली की त्या रिक्षात चाकं कुठे बसवली होती असा प्रश्न पडावा. मामाने समोर दिसेल त्याच्या गळ्यात पडायचं ठरवलं होतं. समोर बाबा होते. मामा त्यांच्याच गळ्यात पडून रडायला लागला, "आमचा दाजी गेला वो! असा दाजी पुन्हा न्हाय!"

"अरे, मी आहे," बाबा म्हणाले.

"तुमी हाय वो," मामा हुंदके देत म्हणाला, "पन दाजी न्हाय!"

त्याला खाली बसवून पाणी पाजावं लागलं.

सगळं निवळल्यावर आळीचा राग उसळला. जिवंत माणसाचं मयत करून ठेवलं म्हणजे काय! बाबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "पण तू बाहेर बसलीसच कशाला?"

"चहा प्यायला," आई म्हणाली.

"घरात जागा नव्हती?" काका.

आईने घराकडे बोट दाखवलं. "तिला विचारा."

"ती" कोण ते बघायला अख्खी आळी आमच्या बाहेरच्या खोलीत शिरली. अंजूरकरांसकट. सगळे नकाशासमोर माना उंचावून उभे. शेठ म्हणाले, "यहाँ कोई काम पे नहीं जाता क्या?" कोणीतरी अर्थातच तो पाय शोधून काढला. मामाचे डोळे अजून ओले होते. त्याने टोपीवाल्या बाईवर बोट ठेवलं आणि फार कळवळून विचारलं, "ही बाय एकटीच खुर्ची मांडून बसलीय. हिचा कोन गेला?"

मग जो हशा पिकला! बाबासुद्धा हसले, "नेक आदमी, नेक आदमी" करत. मी तर पोट धरून खालीच बसले.

आई आमच्यात नव्हती. मी बाहेर आले तर ती खुर्चीपाशी उभी होती, ग्लास हातात घेऊन. चहावर जाड साय धरली होती. तिने बोटाने ती बाजूला केली, ग्लास गालाला लावून पाहिला.

"निवला," ती म्हणाली. आणि रडायला लागली. मगासारखा हंबरडा नाही, नुसतीच.

हसणारे एकेक करून बाहेर आले. बाबा म्हणाले, "अगं, आता काय झालं? मी आहे ना."

"तुम्ही आहात हो," आई म्हणाली. "तुम्ही आहात, ही आहे, सगळे आहेत. एकच मागितला होता. दुसऱ्याच्या हातचा, गरम, बसून. त्याच्यासाठी घरातल्या कोणाला तरी मरावंच लागतं का?"

लूम अजून बंदच होते, त्यामुळे ती एवढ्या हळू बोलली तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

समोरच्या काकू पिठल्याचं पातेलं धरून उभ्या होत्या. त्यांनी ते काकांच्या हातात दिलं. काका "हे काय, हे काय" करेपर्यंत त्या आईच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, पदर सारखा केला आणि आळीभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "चाचा! दो कटिंग! गरम!"

पुरुष सगळे उभे होते. चाचा स्वतः ग्लास घेऊन आले, एक आईला दिला, एक काकूंना. काकूंनी दोन्ही हातांनी धरला आणि एक घोट घेतला. आळीतल्या प्रत्येक मयताला अख्ख्या आळीचा चहा ह्या बाईने केलेला.

"गरम आहे गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांना धारच लागली.

"बोलू नका वहिनी," आई म्हणाली. "आधी प्या. निवेल."